भिशीचे १५,००० आणि गोधडीचं सामान: जुनं काय घेतलं, नवं काय

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या वहिनीला भिशी लागली. हातात १५,००० रुपये आले आणि तिनं ठरवलं, यातून बाळांची दुपटी आणि छोट्या गोधड्या शिवायचं काम सुरू करायचं. तिचा हात चांगला आहे, धावदोरा माहेरी आजीकडून शिकलेली आहे आणि चिंचवडला तिच्या सोसायटीत बारशांना तोटा नाही. पहिल्या ऑर्डरीही ठरल्या होत्या. अडलं होतं ते सामानावर.

घरात हिशेबाचं काम माझ्याकडे येतं, म्हणून तिनं व्हिडिओ बघून केलेली यादी माझ्यापुढे ठेवली. झिगझॅग करणारं नवं मशीन ११,०००. फिरत्या पात्याचा कटर, त्याची मॅट आणि पारदर्शक पट्टी मिळून ३,०००. शिवणाचं टेबल ४,०००, कात्री ७००, दोऱ्यांचा संच ८००. पहिल्या दहा दुपट्यांचं नवं सुती कापड आणि आतलं फायबर ४,०००. बेरीज २३,५००. दादा म्हणाला, मशीन हप्त्यावर घेऊ. मी म्हटलं, आधी यादी नीट बघू.

त्या यादीत नेमके चौकोन-त्रिकोण कापून परदेशी धाटणीच्या रजया करणाऱ्यांचं सामान होतं. आपली गोधडी म्हणजे थरावर थर आणि त्यावर सरळ धावदोरा. तिला झिगझॅग लागत नाही. कटर आणि मॅटही लागत नाही. पुठ्ठ्याचा एक मापाचा चौकोन आणि चांगली कात्री पुरते. म्हणजे जुनं घेऊन पैसे वाचवायच्या आधीच यादीतले सात हजार गळाले, कारण टेबलाचीही गरज नव्हती: पायाच्या मशीनचा स्टँड हेच टेबल असतं.

उरलेल्या वस्तूंना मी एकच प्रश्न लावला. ही वस्तू वापरानं खराब होते की नुसत्या वयानं? बीड, पोलाद, पितळ आणि लाकूड यांना वयाचं फारसं काही वाटत नाही. झिजलं तर वापरानं झिजतं, आणि झिजलेला भाग बदलता येतो. सुती दोरा, रबर, इलॅस्टिक, डिंक, फोम, बाटलीतला रंग ही मंडळी कपाटात बंद राहिली तरी मरतात. पहिल्या जातीचं सामान जुनं घ्यावं, दुसऱ्या जातीचं नवंच. वहिनीला हे पटलं, पण पूर्ण नाही. त्याचा फटका पुढे दोऱ्यांत बसला.

मशीन

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे गेलो ते एका मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांना बरोबर घेऊन. त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे दिले आणि ते मी मशीनच्या खर्चातच धरले आहेत. जुनं मशीन घेणाऱ्यानं माझ्या मते हा खर्च आधीच धरून चालावं.

बाजारात दोन मशीन पसंतीला आली. एक हातानं फिरवायचं, लाकडी पेटीतलं, सोनेरी वेलबुट्टी अजून शाबूत. किंमत १,८००. वहिनी तिथेच बसली आणि चाक फिरवून बघायला लागली. दुसरं काळं, चकाकी गेलेलं सिंगर, बिडाच्या स्टँडसकट, दुकान बंद केलेल्या एका शिंप्याचं. त्याचे ३,२०० सांगितले.

काका म्हणाले, "ताई, दिसण्यावर जाल तर फसाल. बॉबिन कुठली बसते ते आधी बघा."

पेटीतल्या मशीनची बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, लांब, बारीक सळईसारखी होती आणि तिचं शटल, म्हणजे बॉबिन धरून टाका गुंफणारा भाग, पुढेमागे झुलणारं. ही फार जुनी रचना आहे. मशीन उत्तम चालत होतं, पण त्या बॉबिन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, शटलचं टोक बोथट झालं तर दुसरं शोधत फिरावं लागतं. काळ्या सिंगरला गोल बॉबिन होती. हा सिंगरचा १५ क्लास नावाचा प्रकार. उषासकट आपल्याकडची बहुतेक काळी घरगुती मशीन याच रचनेवर बेतलेली आहेत. त्यामुळे त्याचं शटल, बॉबिन केस, ताणाची स्प्रिंग, सुया गावोगावच्या शिवणसामानाच्या दुकानात मिळतात. त्याच्या नंबराची सुरुवात इ या इंग्रजी अक्षरानं होत होती. काकांनी सांगितलं, हा माल स्कॉटलंडचा. ते खरंच आहे: क्लाइडबँकच्या सिंगर कारखान्यातल्या मशीनांवर असे नंबर असत. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, म्हणजे हे मशीन ४० वर्षांहून जुनंच.

वहिनीचं मन पेटीवर होतं. १,४०० रुपयांचा फरकही लहान नव्हता. पण तिला शोभेची वस्तू घ्यायची नव्हती, रोज दुपारी त्यावर काम करायचं होतं. एका सुट्या भागासाठी आठवडा थांबायचं म्हणजे बारशाची तारीख चुकवायची. महाग होतं ते मशीन घेतलं. सगळ्या व्यवहारात मला हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पैसे द्यायच्या आधी काकांनी जे बघितलं ते तपशिलानं सांगते, कारण हे शिकून घेण्यासारखं आहे. पट्टा काढून चाक हातानं पूर्ण फिरवलं. कुठे अडतं का, आणि अडत असेल तर दर फेरीला एकाच जागी का. एकाच जागी अडलं तर आत काहीतरी वाकलंय किंवा शटलमध्ये दोरा गुंतलाय. सगळीकडे सारखंच जड असेल तर बहुधा जुनं तेल घट्ट झालंय. ते रॉकेल घालून सुटतं. घरोघरी मशीनला खोबरेल तेल घालतात, ते थंडीत थिजतं आणि वर्षानुवर्षांनी चिकट राळ होऊन बसतं. मशीनचं पांढरं तेलच घालायचं. मग सुईचा दांडा दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवला. हललाच नाही. तो खुळखुळला असता तर मशीन कितीही स्वस्त असलं तरी घ्यायचं नाही, असं ते म्हणाले. खालच्या दातांवरून नख फिरवलं. कापड पुढे ढकलणारे दात धारदार लागले. शटल बाहेर काढून ते बसतं त्या गोल खाचेत बोट फिरवलं. वरवरचा गंज चालतो, पण गंजानं खड्डे पडले असतील तर टाके गाळले जातात.

शेवटी शिवून बघितलं. कापड आमचं, दोरा आमचा, १६ नंबरची नवी सुई आमची. विकणाऱ्याच्या मशीनमध्ये आधीच घालून ठेवलेल्या पातळ कापडावर कुठलंही मशीन छान शिवतं. आम्ही जुन्या साडीचे चार थर नेले होते. काकांनी वीतभर शिवण घातली आणि लगेच उलटी केली. खालच्या बाजूला दोऱ्याचे फेर लोंबत होते. मी चरकले, काकांनी वरचा ताण अर्धा फेरा आवळला आणि पुन्हा वीतभर घातली. आता दोन्ही बाजू सारख्या. "हा दोष मशीनचा नाही, कोणीतरी फिरवून ठेवलेल्या स्क्रूचा," ते म्हणाले, आणि भाव करताना मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

घरी आणायला टेम्पोचे ४०० गेले. नवी चामड्याची वादी, नवं शटल, ताणाची स्प्रिंग, साफसफाई आणि काकांचा वेळ मिळून ७५०. म्हणजे मशीन खरं ४,३५० ला पडलं. जुन्या वस्तूची किंमत सांगताना लोक बाजारातला आकडा सांगतात आणि घरी आणून चालती करण्याचा खर्च विसरतात. हा आकडा धरूनही नव्या मशीनच्या निम्म्याहून कमीच आहे.

कात्री त्याच बाजारात मिळाली. पितळी मुठीची, शिंप्याची, मेरठची, २५० रुपयांना. मेरठच्या कात्र्यांची पाती मुळातच भंगारातल्या पोलादातून घडवतात आणि पुन्हा पुन्हा धार लावता येते म्हणून त्या पिढ्यान्‌पिढ्या चालतात. २०१३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. बघायचं एवढंच, की दोन्ही पाती टोकापर्यंत भेटतात का आणि मधला स्क्रू ढिला नाही ना. दारावर येणाऱ्या धारवाल्यानं ६० रुपयांत धार लावून दिली. तेव्हापासून घरात त्या कात्रीनं कागद कापायला बंदी आहे.

कापड

दुपट्याला जुनं सुती कापड वापरायचं ते फक्त स्वस्त म्हणून नव्हे. नव्या कापडात खळ असते, ते पहिल्या धुण्यात आटतं, आणि आत-बाहेर वेगवेगळं कापड असेल तर एक थर आटतो, दुसरा नाही आणि सगळी गोधडी चुरमडते. पन्नास वेळा धुतलेली साडी आटायची तेवढी आटून गेलेली असते. आपल्या आज्या बाळाला जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळत, त्यामागे हा पक्का अनुभव होता.

घरच्या आणि शेजारच्या साड्या पहिल्या काही दुपट्यांतच संपल्या. मग वहिनीनं जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या मावशींना गाठलं. या बायका दारोदार फिरून जमवलेल्या कपड्यांची फार बारीक वर्गवारी करतात: पुन्हा नेसण्याजोगं वेगळं, काठ-जरीचं वेगळं, आणि मऊ सुती फाटकं वेगळं. हे मऊ सुती कापड कारखान्यांत आणि गॅरेजमध्ये तेल पुसायला जातं. त्यामुळे विरलेल्या साडीलाही बाजारात गिऱ्हाईक असतं आणि मावशींना तो भाव पक्का ठाऊक असतो. वहिनीनं साडीमागे ७० रुपये ठरवले, निवडून घ्यायच्या अटीवर. दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस केली नाही, हे मला आवडलं. निवडायची मुभा हीच खरी सवलत होती, आणि आता मावशी सुती माल आला की आधी तिला फोन करतात.

निवडताना साडी उजेडापुढे धरायची. विरलेला भाग लगेच दिसतो. मग घडीच्या रेषेवर दोन्ही हातांनी ताणायची, कारण साडी आधी घडीवरच फाटते. सूत आहे की मिसळ, याची शंका आली तर कडेचा एक धागा काढून काडी लावायची: सूत कागदासारखं जळतं आणि बोटानं चुरली जाणारी राख उरते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सुती म्हणून दिलेल्या साड्यांत मिसळ बरीच निघाली. रंग जातो का, ते ओला पांढरा रुमाल चोळून बघायचं.

एक गोष्ट पैशाशी संबंधित नाही, तरी इथे सांगायलाच हवी. डांबरगोळ्यांचा वास येणारी साडी तान्ह्या बाळाच्या दुपट्यात घालू नये. त्या गोळ्यांत नॅप्थलीन असतं. ज्या बाळांना जी-६-पी-डी या तांबड्या पेशींतल्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात आणि कावीळ वाढते. आणि अशी कमतरता आहे हे घरच्यांना बहुतेकदा माहीतही नसतं. वहिनीनं अशा साड्या मोठ्यांच्या गोधड्यांसाठी बाजूला काढल्या, त्याही गच्चीवर चांगली उन्हं देऊन.

आता माप. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच, आणि पन्हा ४५ इंचांच्या आसपास. ४० इंची चौकोन कापले तर पाच निघतात. विरलेला आणि डागाळलेला भाग सोडला तर चार हमखास. तीन थर आत, एक पाठीला. म्हणजे एका साडीत दुपट्याचा वरचा चेहरा सोडून सगळं निघतं. चेहऱ्यासाठी तिनं बायकांचे कपडे शिवणाऱ्या एका शिंप्याकडून कतरण किलोवर घेतली. त्याच्याकडे खणाचे, इरकलीचे, छापील सुती असे ब्लाउजपिसांचे तुकडे रोज निघतात आणि संध्याकाळी कचऱ्यात जातात. ४ किलो, १२० रुपये किलो. नंतर तोच शिंपी तिच्यासाठी सुती तुकडे वेगळे ठेवायला लागला.

इथे मला एक सुचवावंसं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये महापालिकेच्या सांस्कृतिक खात्याचं मटेरियल्स फॉर द आर्ट्स नावाचं कोठार आहे. १९७८ पासून ते दुकानांचं, कारखान्यांचं, नाटक कंपन्यांचं उरलेलं सामान जमवतं आणि शाळांना व कलासंस्थांना फुकट देतं. लक्ष्मी रोड ते रविवार पेठ एवढ्या पट्ट्यात रोज किती कतरण, लेसचे तुकडे, दोऱ्याचे रिकामे कोन, बटणांचे सुटे डबे निघत असतील! पुण्याच्या शाळांत हस्तकलेच्या तासाला मुलांकडून नव्या साहित्याची यादी मागवतात. एका खोलीची आणि दोन माणसांची सोय झाली तर त्या यादीतलं निम्मं सामान पेठेतूनच मिळेल. हे काम कोणी हाती घ्यावं, असं मनापासून वाटतं.

दोरा

फटका बसला तो इथे. घर बदलणाऱ्या कोणीतरी भरतकामाच्या दोऱ्यांचा मोठा डबा विकायला काढला होता, ६०० रुपयांना. फोटोत सुंदर रंग. नवे घेतले असते तर त्याच्या तिप्पट गेले असते. वहिनीनं घेतला. त्यातल्या कितीतरी लड्या बिनाछापाच्या होत्या. शिवताना दोरा दर चार टाक्यांनी तुटायला लागला आणि पहिल्या धुण्यात एका लाल दोऱ्यानं पिवळ्या दुपट्यावर गुलाबी ओघळ सोडले. ते दुपटं देता आलं नाही. दुसरं करून द्यावं लागलं, म्हणजे ६०० रुपयांच्या वर एक दिवसाची मेहनत गेली.

दोरा तपासायची पद्धत सोपी आहे. हातभर दोरा काढून दोन्ही हातांत धरायचा आणि झटका द्यायचा. चांगला दोरा बोटांना कापतो, मग तुटतो. मेलेला दोरा आवाज न करता, जणू आपखुषीनं सुटतो. ही परीक्षा फोटोवरून करता येत नाही, म्हणून जुना दोरा ऑनलाइन घेऊच नये, असं माझं मत झालं आहे. त्यानंतर रविवार पेठेतून शिलाईचे नवे कोन, सुया आणि मापाची पट्टी असं ९०० रुपयांचं सामान आणलं. दोरा हा गोधडीतला सगळ्यात स्वस्त घटक आणि सगळी गोधडी त्याच्याच जिवावर उभी. तिथे वाचवण्यासारखं फारसं काही नाही.

हिशेब

मशीन सगळं धरून ४,३५०. कात्री धारेसकट ३१०. १५ साड्या १,०५०. कतरण ४८०. नवा दोरा-सुया ९००. वाया गेलेला डबा ६००. एकूण ७,६९०. भिशीतले ७,३१० शिल्लक राहिले आणि हप्ता एकही नाही.

एका दुपट्याला साडी ७०, कतरण ३५, दोरा २०, धुणं-इस्त्री २० असे १४५ पडतात. नव्या कापडाच्या यादीप्रमाणे ४०० पडले असते. दिसायला २५५ वाचले. पण साडी धुणं, उन्हात घालणं, डाग टाळून कापणं, कतरण निवडणं यात दर दुपट्यामागे दीड तास जास्त जातो. तासाला ८० रुपये मजुरी धरली तर त्याचे १२० झाले. खरी बचत १३५. वहिनीला हा आकडा आवडला नाही, पण किंमत ठरवताना आम्ही तोच धरला. बाईच्या घरातल्या वेळाला किंमत नाही असं धरून काढलेला नफा मला मान्य नाही.

कापड जुनं आहे, हे ती ऑर्डर घेतानाच सांगते. काहींना ते चालत नाही. त्यांना कापडगंजातून नवं सुती आणून, आधी धुऊन, वेगळ्या दरानं शिवून देते. काहींनी मात्र उलट विचारलं: आमच्या आजीच्या साड्या आहेत, त्यांचं कराल का? आता निम्म्याहून जास्त ऑर्डरी अशाच आहेत. कापड त्यांचं, शिलाई हिची. कापडाचा खर्च शून्य, आणि मजुरी सगळ्यात चांगली याच कामाला मिळते, कारण त्या साडीचं मोल लोकांना आधीच ठाऊक असतं.

सध्या घरात ओव्हरलॉकचा, म्हणजे कापडाची कड कापून दोऱ्यानं बांधणाऱ्या मशीनचा, विषय चालू आहे. एका बंद पडलेल्या कपड्यांच्या युनिटमधलं जुनं मशीन ६,५०० ला मिळतंय. काकांचं म्हणणं, त्याला मोटर असते, वेग फार असतो, आणि त्यातले दोरा गुंफणारे लूपर व चाकू कारखान्यात रात्रंदिवस चालून झिजलेले असतात. चालू करून, चार थर घालून बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि ५,००० च्या वर जायचं नाही. माझं म्हणणं, दुपट्याच्या कडेला तिरकी पट्टी लावली की ओव्हरलॉकची गरजच पडत नाही. वहिनी म्हणते, झबली सुरू केली तर पडेल. झबल्यांच्या ऑर्डरी आल्या की काकांना घेऊन बघायला जायचं, असं ठरलं आहे. तोवर ते ७,३१० बँकेत आहेत.